वाटीतला दाब

नरसय्या दुदमचं गॅरेज अक्कलकोट रोडला.
मागच्या भिंतीपलीकडे बारा यंत्रमाग
टॉवेल विणत खडखडायचे,
म्हणून इंजिन ऐकायचं ते फक्त
वीज गेल्यावर.

गाडी अडुसष्टची फियाट. मालक हन्नूरे कंपाउंडर,
दोन्ही गुडघे गेलेले. म्हणाले,
"तुळजापूरचा घाट एकदा तिसऱ्या गिअरवर चढू दे.
दुसरा टाकला की आमची ही हसायची."
ही आता नव्हती.
बिल किती होईल, ते नरसय्या बोललाच नाही.

मोहोळजवळ उलटलेल्या डिझेल जीपचा टर्बो
भंगारातून आला, सोललेल्या नारळाएवढा.
बोटानं फिरवला तर फिरतच राहिला.
"सोडलेल्या श्वासावर हे चाक फिरतंय,
आन् तेच पुढचा श्वास कोंबतंय. समजलं का बे?"
मी सतरा वर्षांचा, पाने पुसायचो.
समजलं, म्हणालो.

तांब्याचा जाड पत्रा कापून गॅस्केट केलं,
कॉम्प्रेशन उतरवलं, ठिणगी थोडी मागे घेतली.
कार्बोरेटर आईच्या हातचा असल्यासारखा
रॉकेलमध्ये धुतला, फडक्यावर वाळवला.

आणि हैदराबाद रोडवर पहाटे
काटा चार पौंडांवर गेला नि गाडी मेली.
चालू केली. चार. मेली.
जेट मोठा घातला. मेली.
ऊसाच्या ट्रॉलीवाल्यानं थांबून विचारलं,
"पाणी टाकलंय का पेट्रोलच्या जागी?"
नरसय्यानं त्याला कन्नडमधून काहीतरी सांगितलं
जे मी इथे लिहीत नाही.

आठ दिवस गाडी कापडाखाली.
नवव्या दिवशी त्याचे वडील आले, बालय्या.
बंद पडलेल्या गिरणीत तेहतीस वर्षं बॉयलरवर होते.
डब्यात कडक भाकरी, शेंगाचटणी.
जेवता जेवता बॉनेटमध्ये वाकून बघत राहिले.

"ह्या वाटीला वर भोक कशाला?"
हवेसाठी.
"कुठल्या? ह्या, बाहेरच्या?"
हो.
"आन् घशात तू कोंबलेली?"
नरसय्या गप्प.
"मग पेट्रोल वर येईलच कशाला? मागं ढकलतोयस की तू त्याला.
जो दाब घशात, तोच वाटीत पायजे.
आन् बॉयलरला पाणी घालणारा पंप
वाफेपेक्षा जोरात असावा लागतोय.
तुझा पंप आहे का तसा?"
चटणीचं बोट चाटून झाकण लावलं.

एक नळी भोकाला जोडली. पंप बदलला.
मग पितळी फ्लोट दाबानं चेपला,
फुटक्या बोरासारखा माझ्या तळहातावर आला.
मग दुसरा फ्लोट, भरीव.
मग सिलेंडरमध्ये पत्र्यावर खडे पडल्यासारखा आवाज.
ठिणगी अजून मागे.
मे महिना, त्रेचाळीस अंश,
स्पॅनर धरायला ओलं फडकं लागायचं.

निघालो तेव्हा बालय्या मागच्या सीटवर,
कंपाउंडर पुढे, गुडघ्यांवर हात.
घाटाच्या पायथ्याशी नरसय्यानं तिसरा टाकला
आणि पाय दाबला.
काटा चार. पाच. सहा.
बॉनेटखालून शिट्टी उठली,
आधी बारीक, मग भरत, भरत,
वळणावर तिचा चांगला मोठा भोंगा झाला.

कंपाउंडर काही बोलले नाहीत.
एकदाच डावीकडे, दाराकडे तोंड फिरवलं.

मी आरशात मागे पाहिलं.
बालय्या सीटवरून उठू बघत होते,
एका हातात चपला,
दुसऱ्या हातानं डबा चाचपत.
"बा, काय झालं?"
ते भानावर आले. बसले. चपला परत घातल्या.
"काही नाही," म्हणाले,
"पाळी सुरू झाली वाटलं."

वर पोचल्यावर नरसय्यानं पाय काढला.
टर्बो हळूहळू शांत होत गेला,
बराच वेळ.
इंजिन लगेच बंद करू नकोस,
बालय्या म्हणाले, तेल फिरू दे अजून.

आम्ही चौघं तसेच बसून राहिलो.